रोज चार मिनिटं आधी

१

गाडीतला आवाज मेकॅनिकसमोर कधी येत नाही. रस्त्यावर पंधरा दिवस किंचाळणारी गाडी गॅरेजच्या दारात आणली की गरीब गाईसारखी उभी राहते आणि मालकाचा चेहरा पडतो. "आत्ता येत होता हो, शप्पथ!" मी म्हणतो, ठेवून जा. मग गाडीजवळ स्टूल टाकून बसतो. आवाज यायची वाट बघत बसणं, एवढंच माझं कौशल्य.

माझं नाव जयवंत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे, दोन गाड्या मावतील एवढा. दुसऱ्यांना न सापडलेले आवाज इथे येतात, अंधेरीहून, मुलुंडहून, कधी बोरिवलीहूनही. गंमत म्हणजे माझा कान एकच. डावा अकरा वर्षांपूर्वी गेला. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची टाकी फुटली तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. तेव्हापासून त्या बाजूला काही नाही. गुणगुण नाही, शिट्टी नाही. भिंत आहे. रस्त्यानं चालताना माझी बायको रुक्मिणी न सांगता उजवीकडे येते.

शुभा मॅडम आल्या तो पंधरा डिसेंबर, सोमवार. साठी ओलांडलेल्या, सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात. घाटकोपरला राहणाऱ्या. त्यांच्या यजमानांचं डायलिसिस आमच्या समोरच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात चालायचं, सोमवार-बुधवार-शुक्रवार, चार-चार तास. तेवढ्या वेळात गाडी बघता का, म्हणून विचारत होत्या. गाडी बावीस वर्षांची, पांढरी, नीट राखलेली.

"कीऽऽ असा आवाज येतो. दोन-तीन सेकंद. मग बंद."

"केव्हा येतो?"

"पहिल्यांदा घरी जाताना यायचा, साकीनाक्याच्या आसपास. मग हॉस्पिटलमधून निघाल्या निघाल्या यायला लागला. आता चालवताना येतच नाही. शुक्रवारी यांची वाट बघत एसी लावून गाडीत बसले होते, तेव्हा आला." त्यांनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली. "मला या गाडीवर भरवसा हवाय हो. यांना घेऊन मध्येच कुठे बंद पडली तर मी काय करू?"

मी म्हणालो, बेल्ट असणार. ठेवून जा.

२

बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि सवयीनं उजवा कान पुढे करून बसलो. बारा वाजले, साडेबारा झाले. मध्ये दोनदा इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. समोरच्या गाळ्यात भाऊराव ग्रिल वेल्डिंग करतो, तो चहा घेऊन आला. त्याचं आणि माझं लहानपण घाटकोपरच्या एकाच वस्तीत गेलं, आमच्या दोघांचे बाप परभणीकडून एकाच वर्षी आलेले.

"काय रे, गाडीला गाणं शिकवतोस काय?"

"ती गाते का ते बघतोय."

आणि बरोबर एकच्या ठोक्याला ती गायली.

बारीक, धारदार, काचेवर नखं ओढल्यासारखी किंचाळी. तीन सेकंद. भाऊराव लगेच म्हणाला, "बेल्ट आहे रे. बदलून टाक." आणि कप गोळा करून निघून गेला.

मी हललो नाही. आवाज बेल्टचाच होता, त्यात शंका नव्हती. पण माझा उजवा कान इंजिनकडे होता, आणि आवाज मला डाव्या कानात आला होता.

उजव्यात काही नव्हतं. नुसती इंजिनची घरघर.

मी डाव्या कानाशी टिचकी वाजवली. काही नाही. बोनेट आपटलं. उजव्या कानात धाडकन आवाज आला, डावीकडे भिंत. बराच वेळ मी कानावर हात ठेवून उभा होतो. मग स्वतःला समजावलं, आवाज गाळ्याच्या पत्र्यावर आपटून हाडातून गेला असेल. कानाच्या डॉक्टरांनी तेव्हा असलं काहीतरी सांगितलं होतं. माझे बाबा वस्तीत लोकांना म्हणायचे, भूतबीत काही नसतं, हे असतं म्हणून ते होतं, कारण शोधा. मी कारण शोधलं, सापडलं, आणि बेल्ट काढायला घेतला.

३

बुधवारी नव्या बेल्टवर आवाज आला. बारा बावन्नला. मी त्यावर पाण्याची धार सोडून तयार होतो. बेल्ट ओला झाला की त्याचा आवाज दबतो. हा दबला नाही.

शुक्रवारी बेल्ट ताणून धरणारी टेन्शनरची पुली बदलली. बारा चव्वेचाळीसला आवाज आला. सोमवारी अल्टरनेटर उतरवला, नवी बेअरिंगं घातली, परत चढवला. बारा बत्तीस. वेळा मी जॉब कार्डावर टिपून ठेवत होतो, कारण कधीकधी इंजिन किती तापल्यावर आवाज येतो यावरून चोर सापडतो. पण इंजिन कधी तापलेलं असायचं, कधी थंडगार. आवाजाला त्याचं काही नव्हतं.

दर वेळी तो डाव्या कानातच यायचा.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. रुक्मिणीलाही नाही. काय सांगणार? अकरा वर्षं बंद असलेल्या खोलीत कुणीतरी येतं, तीन सेकंद दिवा लावतं आणि जातं. खरं सांगायचं तर मला त्या तीन सेकंदांची ओढ लागली होती. रविवारी, मंगळवारी गाडी घाटकोपरला असायची, तेव्हा मी दुपारी हातातलं काम थांबवून उगाच डावीकडे मान वळवायचो.

चोवीस तारखेला मी शेवटचा उपाय केला. बेल्टच काढून टाकला. बेल्ट नसला की पुढच्या बाजूचं काहीच फिरत नाही. पंप नाही, अल्टरनेटर नाही, कॉम्प्रेसर नाही. इंजिन बंद. किल्ली माझ्या खिशात. सोबतीला बॅटरीची वायरही काढली.

बारा चोवीसला गाडी किंचाळली.

मी बोनेटमध्ये वाकलेलो होतो. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर पुल्या होत्या, त्यातली एकही हलत नव्हती. बाजूला काठोकाठ भरलेला तेलाचा पत्र्याचा डबा होता. त्यावर एकही लहर नव्हती. आणि किंचाळी चालू होती, या वेळी चार सेकंद, आणि ती थांबल्यावर, ती थांबल्यानंतरच, मला कळलं की तिच्या मागे काहीतरी होतं. दूरवर. मोठं.

भाऊरावनं पलीकडून हाक मारली, "बदल की रे तो बेल्ट, कान किटले!"

बेल्ट माझ्या हातात होता.

४

नाताळनंतरच्या सोमवारी शुभाताई गाळ्यात येऊन बसल्या. एव्हाना मॅडमच्या ताई झाल्या होत्या. रोज हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसण्यापेक्षा इथे बरं वाटतं म्हणायच्या.

"गाडीचं राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "फार दिवस गरज लागणार नाही तिची."

मी पान्हा खाली ठेवला.

"नंदू, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, बास झालं. एक तारखेपासून यायचं नाही. डॉक्टरांनी समजावलं, मुलीचं फोनवर रडून झालं. म्हणतो, चार तास मशिनला बांधून घ्यायचं, घरी जाऊन झोपायचं, उठलं की परत तेच. बघण्यासारखं काय उरलंय?" डोळे पुसले नाहीत त्यांनी, नुसता चष्मा काढून हातात घेतला. "अहो, या माणसानं सगळे समुद्र पाहिलेत. पस्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत. आता त्याला भिंतीकडे तोंड करून पडायचं असतं."

बाराच्या सुमारास आवाज आला तेव्हा त्या तिथेच होत्या. नुसत्या म्हणाल्या, "हाच. बघा ना, अजून येतोच." त्यांना गाडीतून आला. त्यांचं बोट बोनेटकडे होतं.

दीड वाजता त्या यजमानांना घेऊन आल्या. कॅप्टन नंदकिशोर. उंच माणूस, पण कपडे आता त्याच्यावर टांगल्यासारखे. हाताला पांढरी पट्टी. कुणाकडे न बघता पुढच्या सीटवर बसले. जॉब कार्ड डॅशबोर्डवरच राहिलं होतं. ते त्यांनी बाजूला सारायला उचललं, आणि सारलं नाही.

"या वेळा कसल्या?"

"आवाजाच्या, सर. येतो तेव्हा लिहून ठेवतो."

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. एक. बारा बावन्न. बारा चव्वेचाळीस. बारा बत्तीस. खाली खाली बोट नेत आजच्या ओळीवर आले. बारा वाजून चार.

"मध्ये दोन दिवस गेले की आठ मिनिटं," ते हळू म्हणाले. "तीन दिवस गेले की बारा. रोज चार मिनिटं आधी." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तारे बघता का?"

"मरोळमध्ये कुठले तारे, सर."

"प्रत्येक तारा रोज चार मिनिटं, नेमकं सांगायचं तर त्याला चार सेकंद कमी, आधी उगवतो. आम्ही जहाजावर त्यावरच जगायचो. तुमचा हा आवाज भिंतीवरच्या घड्याळावर चालत नाहीये, जयवंत. वरच्या घड्याळावर चालतोय."

शुभाताईंनी किल्ली फिरवली होती. इंजिन मुकाट चालू झालं. कॅप्टन म्हणाले, "परवा किती वाजता?"

"अकरा छप्पन."

"मी तेव्हा मशिनवर असेन," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा चीड होती. चीड बरी. तिला उद्याची फिकीर असते.

५

एक तारखेनंतरही ते येत राहिले.

त्यांनी साधा हिशोब केला होता. त्यांचं सेशन साडेनऊला सुरू व्हायचं, नऊला ते मरोळमध्ये पोचायचे. आवाज रोज चार मिनिटं अलीकडे सरकत होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो त्यांच्या सेशनच्या आधी येणार होता. तेव्हा त्यांना तो ऐकायचा होता. तोवर जिवंत राहणं भाग होतं.

"काय सांगितलंत त्याला?" शुभाताई मला विचारत. "जेवण मागून घेतो. वजन लिहून ठेवतो. पाण्याचं पथ्य पाळतो."

मी म्हणायचो, गाडीबद्दल बोलतो आम्ही.

ते खरंच होतं. दीडला सेशन संपल्यावर ते दहा मिनिटं माझ्या स्टुलावर बसत आणि मी काय काय ऐकलं ते विचारत. दुसऱ्या कुणाला मी सांगितलं नसतं. त्यांना मी कानाचंही सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. चालू कानाला खूप कामं असतात."

आवाज वाढत होता. जानेवारीच्या मध्यावर सहा सेकंद, शेवटी आठ. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या ब्लॉकवर टेकवायचो आणि मूठ डाव्या कानाला लावायचो. बेअरिंग तपासायची ही जुनी रीत. लोखंडातून आवाज सरळ येतो, बाहेरचं काही मिसळत नाही. सगळ्यात वर ती किंचाळी, बारीक. तिच्या खाली घरघर. आणि त्या घरघरीच्या खाली जागा होती. रिकाम्या टँकरमध्ये डोकं घातल्यावर आपला श्वासच आपल्याला सांगतो की आतलं पोट केवढं आहे, तसं ते होतं. फक्त या पोटाला पलीकडची बाजू नव्हती.

"काय असेल?" कॅप्टननी एकदा विचारलं.

"फिरतंय काहीतरी. लहान पुली भराभर फिरते, तिचा आवाज बारीक कापलेला येतो. मोठी पुली सावकाश. आवाजावरून घेर सांगता येतो."

"मग सांगा घेर."

वीस वर्षं मी आवाजावरून घेर सांगत आलो होतो. "नाही सांगता येत, सर."

"येतो सांगता. सांगवत नाही तुम्हाला."

"एवढंच सांगतो," मी म्हणालो. "बेल्ट किंचाळतो तेव्हा तो घसरत असतो. ओढणारं फिरतं, पण ओढलं जाणारं तेवढं फिरत नाही."

ते माझ्या काळ्या हातांकडे बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. मुंबई बंदर सोडताना पहिल्यांदा किनारा दिसेनासा झाला तेव्हा हा माणूस असाच दिसला असेल.

६

नऊ फेब्रुवारी, सोमवार. वेळ नऊ वीस.

शुभाताई कागद करायला हॉस्पिटलात गेल्या. कॅप्टन गाळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, पायात बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट. बोनेट उघडं, बेल्ट काढलेला, बॅटरी बाहेर जमिनीवर. समोर भाऊराव कुणाच्या तरी खिडकीचं ग्रिल जोडत होता, वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवर उडत होता. गल्लीत टेम्पो माल उतरवत होता. रोजची सकाळ.

माझ्या गाळ्याचं तोंड पूर्वेला आहे. बाहेरच्या जाळीच्या दारातून ऊन आत येतं आणि गजांच्या लांब सावल्या जमिनीवर पडतात, थेट गाडीच्या चाकापर्यंत.

"खडू आहे का?" कॅप्टननी विचारलं.

"आहे. कशाला?"

"त्या मधल्या गजाची सावली जिथे संपते तिथे रेघ मारा."

"का?"

"माहीत नाही. सूर्य-ताऱ्यांचं ऑब्झर्वेशन घेण्याआधी आम्ही कशावर तरी खूण करायचो."

नऊ अठराला मी आडवी रेघ मारली, सावलीच्या टोकाला लागून. मग स्क्रूड्रायव्हर ब्लॉकवर टेकवला, मूठ डाव्या कानाला लावली. कॅप्टननी मनगट डोळ्यांसमोर धरलं. ते मोजू लागले. पाच, चार, तीन.

आला.

या वेळी किंचाळी वर नव्हतीच. ती पहिल्याच क्षणी फाटली आणि मी तिच्यातून खाली गेलो. खाली ते फिरत होतं. ते केवढं होतं हे माझ्या कानाला त्या क्षणी कळलं आणि माझे गुडघे आपोआप टेकले. देवळात मी कधी गेलो नाही. विहारात वंदनेला बसताना माणूस लहान होतो ते मला माहीत आहे, पण ते आपल्या मर्जीनं लहान होणं असतं. इथे कुणी विचारलं नाही. त्या फिरण्यात राग नव्हता, आपल्यासाठी काही नव्हतंच. एवढं मोठं, एवढं जुनं, एवढं थकलेलं, आणि तरी फिरत आलेलं. आणि ते घसरत होतं.

"जयवंत," कॅप्टन म्हणाले. "जमिनीकडे बघा."

मी पाहिलं.

सावली रेघेवर नव्हती. ती रेघ ओलांडून आत आली होती, चार बोटं, पाच बोटं, आणि अजून येत होती. एकट्या मधल्या गजाची नाही. सगळ्या गजांच्या सावल्या, खुर्चीची, कॅप्टनच्या बुटांची, माझ्या टेकलेल्या हाताची, सगळ्या एका लयीत, जमिनीवर अंथरलेली चादर कुणी सावकाश ओढावी तशा गाळ्याच्या आत सरकत होत्या. मी दाराबाहेर नजर टाकली. टेम्पोची सावली सरकत होती. तारांच्या सावल्या. माल उतरवणाऱ्या माणसाची सावली त्याच्या पायापासून न सुटता लांब होत होती, आणि तो खोका खांद्यावर घेऊन उभा होता, काही न कळता.

नऊ वीस झाले असताना पावणेनऊचं ऊन आमच्या अंगावर होतं. ते गारसर होतं. ते मला कातडीवर जाणवलं.

मग पकड बसली. तो धक्का मी लोखंडातून ऐकला. सगळ्या सावल्या एकदम मागे गेल्या, खडूच्या रेघेला लागून उभ्या राहिल्या, आणि डाव्या कानात भिंत परत आली.

"अकरा सेकंद," कॅप्टन म्हणाले.

त्यांचा चेहरा ओला होता. "सगळे समुद्र पाहिले," ते म्हणाले, "आणि हे आज." मी त्यांचा हात धरला. माझ्या हाताचं ग्रीस त्यांच्या पांढऱ्या बाहीला लागलं आणि आम्हा दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

गल्लीपलीकडे भाऊरावनं चेहऱ्यावरचा वेल्डिंगच्या काचेचा पत्रा वर केला होता. तो डोळे चोळत होता.

"काय झालं रे?" मी ओरडलो.

"अंधारी आल्यासारखं झालं. साखर वाढली वाटतं." त्यानं पत्रा खाली ओढला आणि कामाला लागला.

७

बुधवारी नऊ बाराला आम्ही दोघं कान लावून बसलो. काही आलं नाही. शुक्रवारी नाही. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला तर नुसतं थंड लोखंड.

शुभाताई खूश झाल्या. नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. "एकदाचा सापडला म्हणायचा!" मी डबा घेतला. बेल्ट जागेवर चढवला, गाडी झकास चालत होती. त्या रात्री रुक्मिणी माझ्या डाव्या बाजूला झोपली होती, काहीतरी बोलली असावी, मला कळलं नाही. मी छताकडे बघत होतो. मला त्या आवाजाची आठवण येत होती, गेलेल्या माणसाची यावी तशी.

शुक्रवारी निघताना कॅप्टननी शुभाताईंना पुढे जाऊ दिलं आणि माझ्याजवळ थांबले.

"आवाज थांबला म्हणजे बरं झालं का, जयवंत?"

"पुली बदलली, बेल्ट ताणला, तर बरं झालं म्हणता येतं. आपण काहीच केलेलं नाही."

"मग थांबला कसा?"

मला ते बोलायचं नव्हतं. "घसरणारा बेल्ट तुटला की आवाज थांबतो."

"आणि इंजिन?"

"इंजिन थांबत नाही, सर. उलट त्याला हलकं वाटतं. ओढायचं ओझंच गेलेलं असतं ना. जरा पळायला लागतं."

त्यांनी मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसले.

मंगळवारी दुपारी एकला पाच मिनिटं कमी असताना त्यांचा फोन आला. मागे वारा ऐकू येत होता.

"गच्चीवर आहे," ते म्हणाले. धाप लागली होती, पण आवाज तरुण माणसाचा होता. "ओळंबा टांगलाय. सूर्य बरोबर माथ्यावर कधी येतो, ते सेकंदापर्यंत काढता येतं. तक्ते आहेत माझ्याकडे. शनिवारपासून बघतोय."

"मग?"

"शनिवारी दोन सेकंद आधी आला. रविवारी पाच. काल नऊ."

"आज?"

"आज चौदा."

मी म्हणालो, तुमचं घड्याळ चुकत असेल. ते म्हणाले, तीन घड्याळं आहेत. मी म्हणालो, मग सगळ्या जगाला कळलं असतं, पेपरात आलं असतं. ते म्हणाले, येईल. तेवढ्यात पलीकडे शुभाताईंचा आवाज आला, फोन त्यांनी हातातून घेतला.

"जयवंत, हा माणूस चार मजले चढून आला हो! एकटा! मी चार महिन्यांत याला जिन्याकडे बघताना पाहिला नाही." त्या हसत होत्या. "तुम्ही याला काय दाखवलंत ते मला नका सांगू. पण उपकार आहेत तुमचे. नंदू, चल, पान वाढलंय, ऊन लागेल."

फोन बंद झाला. मी हात पुसले आणि दारात गेलो. गल्लीत लख्ख ऊन होतं. माणसांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्या होत्या. मी बघत राहिलो, त्या हलतात का. नेहमीसारख्याच होत्या. तरी मला वाटलं, कुणाच्याही नकळत सगळी गल्ली, हॉस्पिटल, घाटकोपरची ती गच्ची, एका अंगाला किंचित कलली आहे, आणि ते कलणं इतकं प्रचंड, इतकं शांत आहे की त्याला नुसतं भिणंही लहान पडेल.

भाऊराव गाळ्याच्या पायरीवर मांडी घालून बसला होता. डबा उघडून अर्धा संपवला होता.

"ये रे," त्यानं हाक मारली. "तुझ्यासाठी थांबणार होतो, पण काय माहीत, दोन दिवस झाले, भूक जरा आधीच लागते."